कलशातलं कनाडा मैदान

नरहरशास्त्री देवस्थळी आणि दत्तात्रेय काळे यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मध्ये अख्खी गंगा होती. काळे रेल्वेतून निवृत्त होऊन काशीतच राहिले होते आणि अमरावतीहून आलेल्या मेहुणीला नावेतून घाट दाखवत होते. नाव पलीकडच्या वाळूला लागायच्या बेतात असताना इकडे दुर्गाघाटाच्या पायरीवर शास्त्रीबुवांनी कुणा यजमानाचा संकल्प सांगायला तोंड उघडलं. काळे शपथेवर सांगत की त्या आवाजाने नावाड्याचं वल्हं हातातच थांबलं, वाळूवरच्या बगळ्यांनी पाय बदलले, मेहुणीच्या दाढेत दिवाळीपासून अडकलेला सुपारीचा तुकडा आपोआप निघाला आणि पुलावरून जाणाऱ्या मालगाडीने सिग्नल हिरवा असताना वेग कमी केला. बाकीच्यात तिखटमीठ असेल, पण मालगाडीबद्दल काळे खोटं बोलणार नाहीत. ते त्यांचं खातं.

आवाजाच्या रोखाने नाव वळवून काळे घाटाला लागले. पायरीवर भीमसेन बसलेला असणार, अशी त्यांची खात्री होती. तिथे एक मूठभर माणूस बसला होता. उपरणं उचललं तर खाली काही शिल्लक राहील की नाही, अशी शंका यावी इतका मूठभर. आणि ज्याच्यासाठी हा सगळा नाद चालला होता तो यजमान शेजारी मांडी घालून मोबाइलवर बनियनचे भाव बघत होता.

नरहरशास्त्र्यांच्या आयुष्याची हकिगत म्हणायची तर एवढीच. वडिलांनी वेद शिकवला तो थेट घनापर्यंत, म्हणजे मंत्रातले शब्द पुढे-मागे, मागे-पुढे विणत जायची ती अवघड रीत. त्यात एक स्वर चुकला तर सगळी वीण उसवते. बुवांचा चुकत नसे. पण ते कळायला ऐकणारा लागतो, आणि बुवांना जन्मात ऐकणारा भेटला नाही. यजमान घड्याळ बघत, यजमानीणबाई स्वयंपाकघराकडे बघत आणि गुरुजी जरा आटोपतं घ्या, ही विनंती तर संकल्पाच्या आधीच होई. पत्नी सुनीतीबाई शाळेत शिकवत. त्यांचं म्हणणं, दिवसभर साठ पोरांचा गोंगाट ऐकून आल्यावर माणसाला वेदसुद्धा गोंगाटच वाटतो. मुलगी मालविका बँकेत होती आणि कानात ते छोटे ईअरफोन घालूनच ती जन्माला आली असावी, असं बुवांना वाटे. इतका मोठा आवाज आणि त्याला कान नाही, हे दुःख बुवा कुणाला सांगत नसत. सांगितलं असतं तर संबंध मोहल्ल्याला ऐकू गेलं असतं.

काळ्यांना मात्र हा आवाज भलताच आवडला. ते एका स्टेडियमच्या कमिटीचे सेक्रेटरी होते, आणि आवाजाची किंमत स्टेडियमवाल्याइतकी कुणाला कळणार?

लहरताऱ्याच्या पलीकडचं ते कनाडा मैदान. नाव ऐकून नवा माणूस चकतो. साठेक वर्षांपूर्वी शालूंचे व्यापारी शेठ कुशलदास किनखाब विकायला थेट कॅनडाला गेले होते. तिथे त्यांनी एक खेळ पाहिला. दोन्हीकडे बारा-बारा धटिंगण, अंड्यासारखा चेंडू, तो हातात धरून पळायचं, आणि नाव म्हणे फुटबॉल. खेळ शेठजींना ओ की ठो कळला नाही. पण पडत्या बर्फात लोक घोंगड्या पांघरून बसलेत आणि देहभान विसरून ओरडतायत, हे त्यांना कळलं. बर्फात एवढे बसतात तर आपल्या कोवळ्या उन्हात किती बसतील, हा हिशोब करून त्यांनी परतल्यावर तसंच्या तसं मैदान बांधलं. आपल्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा कितीतरी लांब, दोन्ही टोकांना गोलखांबांच्या मागे ओसाड पट्टा सोडलेलं, आणि चहूबाजूंनी विटांच्या चढत्या पायऱ्या. कनेडियन फुटबॉल तिथे जेमतेम काही हिवाळे चालला. मग शेठजी वारले, अंडं हरवलं आणि मैदानाने पडेल ते काम केलं. साधा फुटबॉल झाला, हॉकी झाली, सर्कस उतरली, रामलीला झाली, निवडणुकीच्या सभा झाल्या. काशीतलं दोन पिढ्यांचं ओरडणं त्या विटांनी पिऊन घेतलं होतं.

आता ते पाडून नवीन बांधायचं होतं. पायऱ्यांच्या पोटात, तिरप्या छताखाली एक मारुती होता. पाडापाडीआधी त्या मारुतीचं तेज मूर्तीतून कलशातल्या पाण्यात उतरवून घ्यायचं, नवी जागा झाली की त्या पाण्यातून नव्या मूर्तीत सोडायचं, असा विधी आहे. काळ्यांनी ते काम बुवांना सांगितलं आणि बुवा आनंदाने निघाले.

जी चूक झाली ती दोन काटेकोर माणसं एकत्र आल्याशिवाय होत नाही.

विधीत देवाच्या घराभोवती सूत फिरवून त्याचं टोक कलशाला बांधायचं असतं. बुवा पायऱ्यांखाली वाकून शिरले आणि पंचाईत दिसली. मारुतीला स्वतःचं घरच नव्हतं. डोक्यावरचं छत म्हणजे प्रेक्षकांची पायरी, पाठीमागची भिंत म्हणजे स्टेडियमची बाहेरची भिंत, समोर मोकळं मैदान. बुवा शास्त्राला पक्के. त्यांनी निकाल दिला की ज्या भिंतीला पाठ, ते त्याचं घर. तेव्हा सूत भिंतीभोवती फिरलं पाहिजे, आणि भिंत तर गोल फिरून परत इथेच येते. दुसरा एखादा सेक्रेटरी म्हणाला असता, बुवा, मूर्तीला एक वेढा द्या नि मोकळे व्हा. पण काळे चाळीस वर्षं रेल्वेत होते. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असं कुठलंही लांबलचक काम त्यांना पवित्रच वाटे. त्यांनी सुताची मोठी रिळं आणवली आणि स्वतः फिरून अख्ख्या स्टेडियमला वेढा घातला.

दुपार कलत होती. बुवांनी टोक कलशाला बांधलं आणि मंत्र सुरू केले. आवाज नेहमीप्रमाणे समोरच्या पायऱ्यांवर आपटून परत येत होता. मग हळूहळू परत येईनासा झाला. आधी उशिरा आला, मग अर्धाच आला, मग गेलेला आवाज गेलाच. पायऱ्यांच्या फटींतली कबुतरं एकदम उठली. पंख फडफडताना दिसले, फडफड ऐकू आली नाही. गेटाशी झोपणारी कुत्री उठून, मागे न बघता, रांगेने रस्त्यापलीकडे निघून गेली. सूत ताणलं जात होतं, जणू दुसऱ्या टोकाने कुणी ओझं चढवत होतं.

शेवटचा मंत्र झाला. काळे खोकले, आणि तो खोकला तोंडाशीच पडला.

बुवांनी कलश उचलायला हात घातला. तांब्याचा रोजचा कलश, पण दोघांना मिळून उचलावा लागला. कान लावला तर आत शंखातल्यासारखं घोंघावत होतं.

ऑटोवाल्याने मैदागिनच्या चढाला गाडी थांबवली, उतरून चाकं तपासली, मागच्या सीटवरच्या दोन कृश म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "गुरु, पीछे केतना अदमी हउवन?"

दोघं कलश घेऊन उतरले. पुढच्या गल्ल्यांतून चालताना समोरची माणसं आपोआप भिंतीला चिकटून उभी राहत होती. एकट्यादुकट्यासाठी सरकतात तशी नव्हे. मॅच सुटल्यावर मोठा लोंढा येताना दिसला की सरकतात तशी. आणि बुवा पुढे गेल्यावरही बराच वेळ तशीच उभी राहत होती.

कलश देवघरात बसला. बांधकाम काही महिन्यांत होणार होतं. ते काही महिने सरकारी महिने निघाले. बुवा रोज कलशाला गंध-फूल वाहत, पाणी आटलं तर घालत. सकाळी कलश गप्प असे. दुपारी, सामने सुरू व्हायच्या वेळेला, जागा होई.

आधी सुनीतीबाईंना वाटलं शेजारच्यांचा पंप चालू आहे. मग एके दिवशी त्या दुपारचा चहा टाकत असताना देवघरातून अगदी स्पष्ट आरोळी आली, चिनिया बादाम. भुईमुगाच्या शेंगा विकणारा माणूस पायऱ्यांवरून चढत येतो तशी ती आरोळी जवळ आली आणि दूर गेली. सुनीतीबाईंनी गॅस बंद केला आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, की मारुती शेंगा कधीपासून विकायला लागला?

तेव्हा बुवांना उलगडलं आपण काय करून बसलो ते. मारुतीही आत असणारच. पण एवढ्या गर्दीत त्याला शोधणार कोण?

काळे रोज दुपारी येऊन बसू लागले. मैदानाचा इतिहास असा जिवंत ऐकायला मिळणं हे कुठल्या सेक्रेटरीच्या नशिबी असतं? कधी सर्कशीतला हत्ती ओरडे, कधी लंका जळे, कधी कुणी पुढारी अच्छा बोलूनही शिव्या खाई. काळे डोळे मिटून ओळखत. एकदा तर कनेडियन फुटबॉलच लागला. शिट्टी, मग धप्प, मग प्रचंड शांतता. परत शिट्टी, परत धप्प, परत शांतता. हजारो माणसं श्वास रोखून, केव्हा ओरडायचं याची वाट बघत बसलेली. त्या शांततेला वजन होतं. देवघरातली समई तिच्याखाली बसकी होत गेली. शेवटी खूप लांबून एका माणसाने शेजाऱ्याला विचारलं, "भइया, ई का होत हौ?" आणि सगळं मैदान हसलं. ते हसू थांबेना. साठ वर्षांपूर्वी हसलेली, बहुतेक आता मसणात गेलेली ती माणसं त्या खोलीत अशी हसली की फडताळातल्या वाट्या किणकिणल्या. काळेही हसत होते. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपण थोडे डावीकडे सरकलोय. कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तसे.

घरात असं सरकणं वाढलं. जिन्यावर ऊन कधी येत नसे, तरी दुपारनंतर पायऱ्या ऊबदार लागत, आत्ताच कुणी उठून गेल्यासारख्या. दूधवाला आला की उभा न राहता पायरीवर बसे आणि का बसलो ते त्याला सांगता येत नसे. सुनीतीबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी गुडघे एका बाजूला घेतले, कुणी पुढून आडवं गेल्यावर परत सरळ केले, आणि मग हातातली भाजी तशीच खाली ठेवली. त्या उठून शेजारणीकडे गेल्या ते दिवे लागल्यावरच परतल्या.

बुवा घाबरले नाहीत. त्यांचं भलतंच झालं होतं.

एका दुपारी ते देवघरात सहज घन म्हणत बसले होते. एका जागी स्वर किंचित घसरला. कलशातून हजार तोंडांनी एकदम आवाज आला, अरेरेरे. हातातोंडाशी आलेला गोल हुकल्यावर येतो तसा. बुवा थिजले. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, नीट, पुढे-मागे, मागे-पुढे, शेवटच्या वळणापर्यंत. क्षणभर काहीच नाही. आणि मग जी गर्जना उठली तिच्याने बुवांचे डोळे भरून आले. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात प्रथमच त्यांना कुणीतरी ऐकलं होतं. आणि कुणीतरी म्हणजे केवढे.

त्या दिवसापासून नरहरशास्त्री दुपारी देवघराबाहेर दिसेनात. बाहेरची कामं त्यांनी हळूहळू पुतण्यांकडे वळवली. धोतर परीटघडीचं नेसू लागले. म्हणण्यात तान आली, थांबा आला, मान उडवणं आलं. वडिलांनी जिथे श्वास घ्यायला शिकवलं होतं तिथे ते श्वास न घेता खेचत नेत, कारण तिथे खेचलं की गर्दी उठून उभी राहते, हे त्यांना कळलं होतं. मालविकेने एकदा दाराआडून फोनवर ते रेकॉर्ड केलं. गर्दी त्यात नव्हती. बुवांचा मंत्र होता, मग ते थांबत, आणि त्या थांब्यात काहीच नव्हतं.

"काहीच नाही म्हणजे काय?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"आई, पंखापण नाहीये यात. पंखा तर चालू होता ना. बाहेर हॉर्न वाजत होता. जेव्हा बाबा थांबतात ना, तेव्हा सगळंच बंद होतं. जैसे किसी ने फोनचे कान दाबलेत."

सुनीतीबाईंनी ते दोनदा ऐकलं आणि मालविकेला पुसून टाकायला सांगितलं.

अखेर नवं स्टेडियम झालं. काचेची कचेरी, रंगीत खुर्च्या, दिव्यांचे मनोरे, कोपऱ्यात मारुतीची नवी, कोरी मूर्ती. काळ्यांनी पहिले सराव सामने लावले. लोक येत, बसत, आणि मध्यंतराआधीच उठून जात. का गेलात विचारलं तर, सहज, म्हणत. गोल झाला तर टाळ्या वाजत, पण त्या दुसऱ्याच कुठल्यातरी मैदानावर वाजल्यासारख्या. खेळणारी मुलं म्हणत, फोटोच्या आत खेळल्यासारखं वाटतं. पुढच्या वर्षीचा मोठा सामना ठरला होता. काळे कलश मागायला आले.

बुवांनी पंचांग काढलं. पुरोहिताला नाही म्हणायचं असलं की पंचांगासारखा मित्र नाही. आधी पितृपक्ष निघाला. मग उरलेला चातुर्मास. मग खरमास, म्हणजे आपला धनुर्मास. तो सरला तेव्हा शुक्राचा अस्त झाला होता. काळे प्रत्येक वेळी मान हलवून चहा पिऊन जात. शेवटच्या खेपेला मात्र चहा तसाच ठेवून म्हणाले, "बुवा, बाप्पा, सिग्नल किती दिवस लाल ठेवता? गाडी तुमची नाही ना."

बुवा म्हणाले की शास्त्राच्या बाहेर त्यांना जाता येत नाही.

मग एका सकाळी वेगळाच प्रसंग घडला. पाळीचा पुतण्या आजारी पडला म्हणून कितीतरी दिवसांनी बुवांना स्वतः घाटावर जावं लागलं. जुना यजमान, साधा संकल्प, मुंज झाल्यापासून हजारो वेळा सांगितलेला. बुवांनी आचमन केलं, तोंड उघडलं आणि थांबले. आवाज आला नाही. बसला नव्हता, दुखत नव्हता, नव्हताच. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. पाण्यावर ऊन चमकत होतं, नावा जात होत्या, आणि बुवा वाट पाहत होते. कशाची, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. ते गर्दी गप्प व्हायची वाट पाहत होते. इथे गप्प व्हायला कुणी नव्हतं. यजमान मोबाइलवरून मान वर करून बघायला लागला. एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदा बुवांच्या तोंडाकडे पाहिलं, तेही त्यातून काही येत नव्हतं म्हणून.

बुवा घरी आले ते सरळ देवघरात. तिथे दुपारी आवाज आला, होता तसाच, दणदणीत. कलशाने आनंदाने प्रतिसाद दिला. आणि मग गर्दीने एक नवीनच गोष्ट केली. ती एका सुरात त्यांचं नाव घेऊ लागली. नरहर, नरहर, संथ, टाळीच्या ठेक्यावर. सुनीतीबाई उंबऱ्यात आल्या. हाक मारून मारून बोलावतात ते बाहेर बोलावतात की आत, हे त्यांना त्या आवाजावरून कळेना. बुवांचा चेहरा कलशाच्या इतका जवळ गेला होता की श्वासाने पाणी थरथरत होतं.

सुनीतीबाई आत गेल्या नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मामंजी जिथे श्वास घ्यायचे तिथे तुम्ही घेत नाही आता."

बुवांनी वळून पाहिलं.

"मी ऐकत नाही असं तुम्हाला वाटतं. रोज भाकरी थापताना माझा हात तुमच्या श्वासावर थांबायचा. आता भाकरी जळते."

नरहर, नरहर चाललंच होतं. बुवा त्या आवाजात काहीतरी बोलले, ते सुनीतीबाईंना ऐकू गेलं नाही. पण त्यांनी पंचांग उचलून फडताळात ठेवलं, तेवढं दिसलं.

मोठ्या सामन्याच्या दिवशी काळे आणि बुवा कलश घेऊन मैदानावर पोचले. तो आता पूर्वीपेक्षाही जड झाला होता. गेटावर रांग होती, धातू तपासायची चौकट होती आणि निळ्या गणवेशातला एक सभ्य गार्ड होता. स्टेडियम चालवायचं कंत्राट आता एका खाजगी कंपनीकडे गेलं होतं. काळ्यांनी आपण कमिटीचे सेक्रेटरी असल्याचं सांगितलं. गार्डने कमिटीला आदराने नमस्कार केला आणि सांगितलं, "चाचा, पानी अंदर नहीं जाएगा. यहीं पी लीजिए या गिरा दीजिए."

काळ्यांनी फोन लावले. ज्यांनी उचलले त्यांनी दुसऱ्यांचे नंबर दिले. मागची रांग ढकलू लागली.

बुवा कलश छातीशी धरून उभे होते. पिऊन टाकावा, हा विचार गार्डने दिला खरा, पण तो आत इतका चटकन बसला की जणू त्याची जागा आधीच धरून ठेवली होती. प्यायलं की झालं. मग घाट असो, घर असो, आपण जिथे जाऊ तिथे ते आपल्या आत. बुवांनी कलश ओठांशी नेला. आतला घोंघाट एकदम थांबला. पेनल्टी मारणारा चार पावलं मागे जातो तेव्हा मैदान थांबतं, तसा. पाण्यावर बुवांना आपला चेहरा दिसायला हवा होता. तिथे वरवर चढत गेलेल्या रांगा दिसल्या, आणि प्रत्येक चेहरा वर बघत होता, त्यांच्या उघड्या तोंडाकडे, आत शिरायच्या दारापुढे उभे असतात तसे.

बुवांनी कलश खाली घेतला.

उंबरा हाही घराचाच भाग, असा त्यांनी निकाल दिला आणि गेटच्या लोखंडी पट्टीवर ते उकिडवे बसले. परतीचा मंत्र म्हणायचा होता आणि घशात काहीच नव्हतं. मागून कुणी म्हणालं चाचा, आगे बढ़िए. कुणी गाडी चुकीची लावल्याबद्दल भोंग्यावरून ओरडत होतं. काळे फोनवर होते. गार्ड पुढच्या माणसाचे खिसे चाचपत होता. संबंध गेटावर बुवांकडे लक्ष असलेला एकही माणूस नव्हता. बुवांनी श्वास घेतला, वडील घेत तिथे, आणि मंत्र सुरू झाला. आवाज अगदी बेताचा, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल असा, पण स्वर जिथल्या तिथे. म्हणत म्हणत त्यांनी कलश तिरपा केला.

पाणी पट्टीवर पडलं, क्षणभर गोळा होऊन थरथरलं आणि निघालं. पण आत नाही, बाहेर निघालं. गेटाशी नव्या फरशीला उतार बाहेरच्या बाजूला दिलेला होता. पाणी रांगेतल्या लोकांच्या पायांखालून गेलं, आणि ज्याच्या ज्याच्या पायाखालून गेलं तो जरा बाजूला सरकला. रस्त्याच्या कडेने ते दुचाकींच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि तिथल्या मातीत जिरलं. बुवा आणि काळे बघत राहिले. परत आणायला सूत नव्हतं, आणि मातीतून पाणी वेगळं काढायचा विधी बुवांना माहीत नव्हता.

स्टेडियम तसंच सुन्न राहिलं. पार्किंगवाला मात्र हैराण आहे. दुपारच्या वेळी गाडी घ्यायला आलेली माणसं किल्ली हातात धरून तिथेच उभी राहतात, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे टक लावून, मान किंचित उंच करून, आणि हलवल्याशिवाय हलत नाहीत.

नरहरशास्त्री सकाळी घाटावर जातात. आवाज पूर्वीचा राहिला नाही, घन मात्र शुद्ध आहे.

त्या दिवशीचा सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. पुढच्या हिवाळ्यापासून ते मैदान लग्नांसाठी भाड्याने मिळू लागलं आणि फुटबॉल बंद झाला.